"गणपतीसाठी का?"

मेडिकलमधल्या पोरानं चिठ्ठी बघितली, मागच्या खणातून तीन स्ट्रिप काढल्या आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "गणपतीसाठी का मॅडम? मग एवढ्या कशाला, एक-दीड स्ट्रिप बास होते की." जून महिना चालू होता. गणपतीला अजून दोन महिने. म्हणलं, नाही रे बाबा, ब्लीडिंग थांबवायला दिल्यात. तर म्हणे, "तेच ते, थांबवायलाच." आणि स्ट्रिप कागदात गुंडाळून, कागद काळ्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून दिली, जसं काही मी त्याच्याकडनं गावठी कट्टाच घेतला.

चूक त्याची नव्हती. मी पण घरी येऊन कागद सोडला तर गोळी ओळखीची निघाली. पांढरी, बारीकशी. नॉरएथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम. हे नाव मी 43 वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचलं, पण गोळी मी चोविसाव्या वर्षापासून खात आले, कारण आमच्या घरात तिचं नाव "पुढं ढकलायची गोळी". पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या लग्नात, आईनं मावशीकडनं आणून दिलेली. मग पहिल्या गौरीला. मग नणंदेच्या लग्नात. मग घरभरणीला, मग सासऱ्यांच्या पंचाहत्तरीच्या शांतीला. प्रत्येक वेळी कुणाच्या तरी पर्समधून, डब्यातून, फ्रीजवरच्या टोपलीतून चार-सहा गोळ्या यायच्या आणि "तारखेच्या तीन दिवस आधी चालू कर, दिवसाला तीन" एवढंच प्रिस्क्रिप्शन. कुणी विचारलं नाही बीपी आहे का, डोकं दुखतं का, घरात कुणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास झालाय का. मी पण नाही विचारलं. आणि हे सगळं दुसऱ्यांच्या कॅलेंडरसाठी. माझ्या स्वतःसाठी म्हणून ही गोळी पहिल्यांदा घरात आली ती आत्ता.

आता झालं काय ते सांगते, जरा लांबण लागेल.

चाळिशीनंतर पाळी बदलली. आधी चार दिवस असायची ती सात दिवस, मग नऊ, आणि पहिले तीन दिवस तर विचारायलाच नको. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, साताऱ्यापासून अठरा किलोमीटर, स्कूटीनं जाते, द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. म्हणजे मी बाथरूमला गेले की दोन वर्ग मोकळे सुटतात. शाळेच्या संडासात पाणी बॅरलमधून न्यायचं. माझ्याकडे दोन साड्या वेगळ्या काढलेल्या होत्या, एक मरून आणि एक गडद चॉकलेटी, त्या नेसून गेले की आमच्या दुसऱ्या मॅडम काही न बोलता परिपाठाला पोरांच्या मागं उभ्या राहायच्या, म्हणजे मला पाठ करून उभं राहायला लागू नये. कधी ठरवून बोललो नाही यावर. खुर्चीवर बसायचं बंद केलेलं. रात्री खाली रबरी कापड, बाळंतिणीला घालतात ते, धाकट्याच्या वेळचं माळ्यावरनं काढलेलं.

आणि हे सगळं मी तीन वर्षं "होतं या वयात" म्हणून ओढलं. आई म्हणाली होतं. जाऊबाई म्हणाल्या होतं, जाताना असंच भडकून जातं. मग जूनमध्ये सुरू झालं ते थांबेचना. दहावा दिवस झाला, बारावा झाला, शाळेचा प्रवेशोत्सव त्यातच केला, आणि सोळाव्या दिवशी फळ्यावर तारीख लिहिता लिहिता डोळ्यापुढं अंधारी आली आणि मी खडू हातात घेऊन भिंतीला टेकून खाली बसले. दुसरीतली एक पोरगी धावत गेली आणि बॅरलमधलं पाणी तांब्यात घेऊन आली. त्या बॅरलचं पाणी मी प्यायले, हे आत्ता आठवलं तरी कसंतरी होतं.

पहिल्या ज्या डॉक्टरकडे गेलो तिथं सोनोग्राफी झाली, आणि रिपोर्ट हातात यायच्या आधीच सल्ला आला, पिशवी काढून टाका. "दोन मुलं झालीत ना, आता पिशवीचा काय उपयोग, कटकटच आहे ती." पुढच्या मंगळवारची तारीख पण देत होते. नवरा तर खिशातला मोबाईल काढून सुट्टी बघायला लागला. मला मात्र त्या क्षणी बीड आठवलं. 2019 मध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा विषय गाजला होता, सरकारनं समिती नेमली, पाहणीत तेरा हजारांहून जास्त बायका निघाल्या ज्यांची पिशवी काढलेली, कितीतरी तर तिशीतल्या. उसाच्या फडात पाळी परवडत नाही, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. मी काय ऊसतोडीला जात नाही, मला पगारी रजा आहे, पण वाक्य तेच होतं, पिशवीचा आता काय उपयोग. ऑपरेशन वाईट असं मला म्हणायचं नाहीये, माझ्या मामीचं झालं, तिला खरंच गरज होती आणि ती सुटली. पण निदान आधी मला काय झालंय ते तरी सांगा की.

मग दुसऱ्या एका डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दिवसाला किती पॅड लागतात? आणि मला सांगता येईना. तीन वर्षं हाच धंदा चाललाय आणि मी मोजलं नव्हतं कधी. मग त्यांनीच फोड करून विचारलं, तासा-दोन तासाला पॅड भरतं का, रात्री त्यासाठी उठावं लागतं का, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतात का. सगळ्याला हो. म्हणाल्या, पुस्तकात एका पाळीत 80 मिलीलिटरच्या वर गेलं की जास्त धरतात, म्हणजे टपरीवरचा चहाचा बारका ग्लास, पण ते मोजत कोण बसतं, तुमचं रोजचं जगणं अडतंय ना, मग ते जास्तच. हे ऐकून मला रडू आलं, कारण तीन वर्षांत हे जास्त आहे असं मला कुणी म्हणलंच नव्हतं. हिमोग्लोबिन निघालं 7.4. बायकांचं 12 पाहिजे.

रक्ताच्या बाकी टेस्ट, थायरॉईड (त्यानं पण पाळी बिघडते), सोनोग्राफी त्यांनी पुन्हा स्वतः बघितली. गर्भाशयाच्या भिंतीत एक दोन सेंटीमीटरची गाठ, फायब्रॉईड, ती बिचारी एका बाजूला पडलेली, तिचा फार संबंध नाही म्हणाल्या. अस्तर मात्र जाड, 14 मिलिमीटर. त्याचा एक बारीक तुकडा नळीनं काढून तपासायला पाठवला. दोन मिनिटांचं काम, पण ती दोन मिनिटं मी छतावरच्या पंख्याची पाती मोजली. रिपोर्ट यायला आठ दिवस, आणि तोवर थांबवायला या गोळ्या. दर आठ तासांनी एक, दहा दिवस. देताना त्यांनी अर्धा पान भरून प्रश्न विचारले, कावीळ, बीपी, अर्धशिशी, स्तनात गाठ, घरात कुणाच्या पायात किंवा फुप्फुसात गुठळी. म्हणाल्या, या गोळीचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनमध्ये बदलतो, म्हणून गुठळीचं विचारते. एका पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला तर मला फोन न करता सरळ दवाखाना गाठायचा. मी मनात म्हणलं, आणि आमच्याकडं ही फ्रीजवरच्या टोपलीत असते.

गोळी करते काय हे त्यांनी सांगितलं आणि मी ते माझ्या भाषेत असं समजून घेतलं. आमच्या शाळेच्या जुन्या खोलीला दरवर्षी चुना मारतात, पण खालचा खरवडत नाहीत, वरच्यावर थर. मग एखाद्या पावसाळ्यात पोपडे सुटतात, कुठं हातभर, कुठं बोटभर, आज इथं उद्या तिथं, महिनाभर पडतच राहतात. चाळिशीत काही महिने बीजच सुटत नाही. बीज सुटलं तर पुढं प्रोजेस्टेरॉन तयार होतं, आणि ते अस्तराला सांभाळतं आणि वेळ झाली की एकदम उतरवतं. बीज नाही तर ते पण नाही, मग नुसते थरावर थर, आणि कधीतरी पोपडे. गोळी त्या प्रोजेस्टेरॉनचं काम बाहेरून करते, म्हणजे भिंत धरून ठेवते. बंद केली की धरलेलं सगळं एकदम खाली येतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मी विसरले होते.

सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. मोबाईलला अलार्म लावला आणि नाव दिलं "मीटिंग", कारण दुपारचा शाळेत वाजतो. पोरं लगेच शिकली, दोन वाजता अलार्म वाजला की चौथीतला एकजण ओरडायचा, "मॅडम, तुमची मीटिंग!" पहिल्या दिवशी काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी जरा कमी. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेत बाथरूमला गेले आणि पॅड कोरडं. मी पुन्हा पुन्हा बघितलं. त्या दिवशी खुर्चीवर बसले, बरेच महिन्यांनी, उगाचच बसले, हजेरी बसून घेतली.

सहाव्या दिवशी स्ट्रिप घरी किचनच्या ओट्यावर राहिली, डब्याच्या मागं. दुपारची चुकली, आणि संध्याकाळी पाहुणे आले त्यात रात्रीची पण विसरले, सकाळी सहाला एकदम आठवलं. त्या दिवशी दुपारपासून पुन्हा डाग. ही गोळी शरीरात फार वेळ टिकत नाही, म्हणून तर आठ-आठ तासांनी. मग एक पत्ता स्कूटीच्या डिकीत, एक पर्समध्ये, एक घरी अशी वाटणी केली. मॅडम ओरडल्या, डिकीत ठेवू नका, उन्हात डिकी तापते.

त्रास झाला का? झाला. पोट फुगल्यासारखं, छाती दुखरी, त्रेचाळिसाव्या वर्षी हनुवटीवर मुरमं. आणि रडू. एका पोरानं शुद्धलेखनात "आई" शब्दाला ऱ्हस्व इ दिली म्हणून मी रडले, खरंच, वहीवर टिपूस पडलं. घरी मटकीला मोड आले नाहीत म्हणून रडले. नवऱ्याला आधी सांगून ठेवलं होतं की गोळ्यांमुळं होणार आहे, तरी तो दबकून दबकून वागत होता, जसं काही घरात कुकर लावलाय आणि शिट्टी होईना.

दहा दिवस झाले, गोळ्या संपल्या. दोन दिवस निवांत. तिसऱ्या दिवशी पहाटे पोटात कळ आली आणि जे सुरू झालं ते आधीसारखंच, गाठी-बिठी सगळं. मी हादरले. नवरा म्हणाला, झालं, गोळ्या फेल, आपण त्या मंगळवारवाल्यांकडेच जाऊया. मॅडमना सकाळी फोन लावला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मी सांगितलं होतं तुम्हाला. ही पाळी आहे. धरलेलं खाली येतंय. दिवस मोजा आणि पॅड मोजा." पाच दिवसांत आपोआप थांबलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. कुणी या गोळ्या घेत असेल तर हे एक भिंतीवर लिहून ठेवा, बंद केल्यावर दोन-चार दिवसांत येणार आणि पहिली जोरात येऊ शकते. माझ्या ओळखीच्या एकीनं याच भीतीनं गोळ्या बंदच केल्या नाहीत, मेडिकलमधून आणून आणून खात बसली. (तासाला पॅड भरत असेल, चक्कर येत असेल तर मात्र थांबून बघू नका, ते वेगळं.)

मोजायचं काम मी टाचण वहीच्या शेवटच्या पानावर करत होते. तारीख आणि पुढं तिरक्या रेघा, पाच झाल्या की आडवी. गाठ असेल तर टिंब. एक दिवस केंद्रप्रमुख शाळाभेटीला आले, टाचण बघता बघता वही उलटली आणि म्हणाले, "ह्या रेघा कसल्या हो?" माझ्या तोंडून निघालं, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब. त्यांनी पान निरखून बघितलं आणि म्हणाले, "8 तारखेला एवढा कसा काय लागला?" दुसऱ्या मॅडम खोकत बाहेर गेल्या.

तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला, वाईट काही नाही. मग पुढचे महिने असा बेत ठरला की पाळीच्या पाचव्या दिवसापासून पंचविसाव्यापर्यंत गोळ्या, म्हणजे 21 दिवस, मग थांबायचं, पाळी येऊ द्यायची, पुन्हा पाचव्यापासून. पूर्वी नुसत्या शेवटच्या आठ-दहा दिवसांत द्यायचे, पण जास्त जाणाऱ्याला त्याचा तेवढा उपयोग होत नाही, असं मॅडम म्हणाल्या. आणि बजावलं की ही गर्भनिरोधक म्हणून धरायची नाही, तो बंदोबस्त वेगळा. सोबत लोह. लोहाच्या गोळीनं मला मळमळ आणि काळी शी, आणि चहा गोळीच्या आगेमागे घ्यायचा नाही, हे ऐकून तर जीवच गेला माझा. शेवटी 7.4 वरनं असं गोळीगोळीनं कधी चढायचं म्हणून सलाईनमधून लोह दिलं एकदा, तपकिरी रंगाचं, मिसळीच्या कटासारखं दिसतं. महिन्याभरानं 9.8.

तेव्हा रात्री झोप कमी होती (गोळ्यांमुळं का काळजीमुळं देव जाणे) तर मोबाईलवर या गोळीची कुळकथा वाचत बसायचे. हे औषध पहिल्यांदा 1951 साली मेक्सिकोत तयार झालं, लुईस मिरामोंतेस नावाच्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोरानं, जॉर्ज रोझेनक्रान्झ आणि कार्ल जेरासी यांच्या हाताखाली काम करताना. आणि त्या काळी तिथं असले हार्मोन बनवायला मूळ माल कुठला, तर मेक्सिकोच्या जंगलातला एक रानटी कंद, आपल्या कोनफळाच्या, कारांद्याच्या जातीतला. मला हे इतकं आवडलं की सकाळी चहा करताना सासूबाईंना सांगितलं. ऋषिपंचमीला आमच्या आई ऋषीची भाजी करतात, कंदमुळांची, बैलाच्या कष्टाचं काही न घालता, आणि ते व्रत कशाचं, तर पाळीत शिवाशिव झाल्याचा दोष जावा म्हणून. पाळीच्या पापाला पण कंद आणि पाळीच्या गोळीला पण कंद. त्या म्हणाल्या, "काय तरी वाचत बसतेस रात्री, झोप जरा."

ऑगस्टची गोष्ट राहिली. 7 तारखेला गोळ्या सुरू केल्या, 21 दिवस मोजले तर शेवटची गोळी 27 ला, बरोब्बर गणेश चतुर्थीच्या दिवशी. म्हणजे पाळी येणार 30 च्या आसपास. 31 ला गौरी येणार, 1 ला पूजन. मी कॅलेंडरपुढं उभी राहून हसले, म्हणलं मेडिकलवाला पोरगा बरोबर होता, शेवटी गणपतीसाठीच.

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, पाच-सहा दिवस जास्त घेतल्या तर तुमच्या बाबतीत फार बिघडणार नाही, पाहिजे असेल तर घ्या, नको असेल तर नका घेऊ. एवढं सोपं उत्तर दिल्यावर पंचाईत झाली. माझ्या पर्समध्ये स्ट्रिप होती, घशाखाली उतरवायची, कुणाला कळलं पण नसतं. पण मला त्या मुरमांचा, त्या रडण्याचा, त्या दोनच्या अलार्मचा इतका कंटाळा आला होता, आणि वहीत तीन महिन्यांच्या रेघा एका ओळीत लागायला लागल्या होत्या, त्या मला मोडायच्या नव्हत्या. एवढंच. बंड वगैरे काही नाही, लोक उगाच मोठं करतात.

त्यातच जाऊबाईंचा फोन, "अगं तुझ्याकडं असतील ना त्या, चार-पाच दे की, माझी पण तारीख त्यातच येतीये." मी म्हणलं वहिनी, तुमचं डोकं अर्धं दुखतं, डोळ्यापुढं चमकतं आधी, तुम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तर त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं घेतीये, काय झालंय?" मी माझ्या मॅडमचा नंबर पाठवला. गेल्या की नाही माहीत नाही, विचारलं तर विषय बदलतात.

आता पुढं काय, तर मॅडमचं म्हणणं एवढ्या डोसच्या गोळ्या वर्षानुवर्षं खायच्या नाहीत. त्यांनी दोन रस्ते ठेवलेत. एक हार्मोनची तांबी, जिला आमच्याकडं सगळे कॉपर-टीच म्हणतात पण तिच्यात तांबं नसतं, ती आत बसून थोडं थोडं औषध सोडते आणि काही वर्षं बघायला लागत नाही, सुरुवातीचे महिने डाग दिसतात. दुसरी ऑर्मेलोक्सिफेन, हार्मोन नसलेली, लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत शोधलेली आपल्या देशाची गोळी. ही तर मला माहीतच होती! आमच्या गावातल्या आशाताईंच्या पिशवीत असते, "छाया" नावानं, फुकट, पाळणा लांबवायला. तीच जरा जास्त डोसमध्ये, आधी आठवड्यातून दोनदा मग एकदा, जास्त जाणाऱ्याला देतात. माझा कल तांबीकडं आहे, गोळी म्हणलं की आता कान वाजतात. दिवाळीच्या सुट्टीत ठरवू.

हां, तर गौरी. 30 ला सकाळी आली, अगदी वहीप्रमाणं. मी किचनच्या दारात उभी राहून सासूबाईंना सांगितलं, आई, मला आलीये, आणि मी गोळी घेतली नाहीये. त्या नारळ खवत होत्या. खवायच्या थांबल्या नाहीत. दोन-तीन मिनिटं नुसता खरखर आवाज. मग म्हणाल्या, "किती पडलंय यावेळी?" म्हणलं, मागच्या वेळेपेक्षा बरं, आत्तापर्यंत दोन पॅड. "चक्कर?" म्हणलं, नाही.

"मग भाज्या घेऊन बाहेर पडवीत बस. सोळा आहेत, एकटीला माझ्याच्यानं चिरून होणार नाहीत. देवापाशी मी बघते."

विळी मी आधीच बाहेर नेऊन ठेवली होती.